बाळंतपणाला जाणारी तुतवार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात हिरवी तुतवार या पाणथळीतल्या पक्ष्याचं छायाचित्र आलं. खाली ओळ होती, 'हिवाळी पाहुणे दाखल'. छायाचित्र सुरेख, ओळ मात्र खटकली. आमच्या सासवडच्या ओढ्यावर तुतवार भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्येच येते आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकते. आठ महिने घरात राहणाऱ्याला पाहुणा कोण म्हणतं? ती इथलीच. फक्त बाळंतपणाला उत्तरेकडे जाते.

हे एवढ्या ठामपणे लिहिते, कारण गेल्या उन्हाळ्यात मीही त्याच कामासाठी तिकडे होते. लेक फिनलंडमध्ये ताम्परेजवळ असते. नातवाला बाबागाडीत घालून रोज जंगलात फिरवायचे. स्प्रूस, भूर्ज, खाली शेवाळाची गादी, आणि डास असे की आपले डास सभ्य वाटावेत. एके सकाळी डबक्याकडून ओळखीची शीळ आली. गडद पंख, पांढरीशुभ्र कंबर. आमची तुतवार! पण बसली कुठे, तर झाडाच्या शेंड्यावर. चिखलात शेपूट हलवत हिंडणारी ही बाई झाडावर बघून मी चाटच पडले. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, ती कस्तुर पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. पिल्लं उडायला शिकण्याआधीच वरून खाली उड्या टाकतात. आणि ती जरा चालती झाली की मादी संसार नराच्या गळ्यात टाकून दक्षिणेला निघते. फिनिश भाषेत तिचं नाव 'मेत्सावीक्लो'. मेत्सा म्हणजे जंगल.

तिकडे निम्म्याहून अधिक जंगल सरकारचं नाही, कुटुंबांचं आहे. आपल्याकडे शेती वाटणीला येते तसं त्यांना जंगल येतं. या आजोबांचंही थोडं आहे, अधूनमधून लाकूड विकतात. त्यांच्या रानात पुरुष-दोन पुरुष उंचीवर कापलेली भूर्जाची खोडं तशीच उभी दिसली. मला वाटलं, मजुरांनी काम अर्धवट टाकलं! तर ती मुद्दाम ठेवलेली. आपल्या रामगंगा पक्ष्याच्या कुळातली एका जातीची चिमुकली पाखरं कुजक्या खोडात स्वतः ढोली कोरतात. रान साफसूफ ठेवण्याच्या नादात अशी खोडं गेली, आणि 2019 च्या फिनलंडच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, ही पाखरं संकटग्रस्त ठरली. तशी 2008 साली तिथे 'मेत्सो' नावाची योजना सुरू झाली. स्वखुशीने जंगल राखणाऱ्या मालकाला सरकार मोबदला देतं, सक्ती नाही.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नये. देशातली निम्म्याहून अधिक दलदल चर खणून कोरडी केली, तीही मुख्यतः लाकडासाठी. जूनमध्ये, ऐन विणीत, आजोबांच्या बांधापलीकडे तोडीचं यंत्र घरघरत होतं. ते नुसते मान हलवून चहा ओतत राहिले. (कॉफी, खरं तर. तिकडे चहा मागावा लागतो.)

तुतवार अजून धोक्यात नाही. पण पिवळ्या छातीच्या भारीट या पक्ष्याचं काय झालं बघा. फिनलंडमध्ये तो ओल्या झुडपांत वीण करायचा, आता करत नाही. त्याला मुख्यतः संपवलं ते स्थलांतराच्या वाटेवर, चीनमध्ये, जाळी लावून, खाण्यासाठी. 2017 साली तो जगाच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. फिनलंडने कितीही झुडपं राखली असती तरी त्या जाळ्यांचं काय करणार होते?

आमच्या ओढ्याचं यंदा 'सुशोभीकरण' झालं. दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती, चिखल नावाला नाही. तुतवार आली, भिंतीवर बसली, दोनदा शेपूट हलवलं आणि कऱ्हा नदीच्या दिशेने निघून गेली. त्यानंतर मला ती ओढ्यावर दिसलेली नाही.

पुढच्या वेळी छायाचित्राखाली 'पाहुणे दाखल' ऐवजी 'बाळंतपण आटोपून परतली' असं छापाल का?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सासवड