आदरणीय काका, तुमचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चालू झालं ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्यासारखे छोटे बोर्ड (एकाच सर्किट बोर्डावरचे संगणक) वापरणाऱ्या इतर संस्थांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

वाचकांना पुस्तकं शोधता यावीत म्हणून आमच्या वाचनालयात ऑलविनर एच3 चिपचे बोर्ड लावलेत. त्यांच्यावर फर्मवेअरसाठी, म्हणजे बोर्ड सुरू करून देणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरसाठी, वेगळी फ्लॅश चिप नाही. यू-बूट (हेच ते फर्मवेअर) आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, दोघंही एकाच मेमरी कार्डावर. पेनड्राइव्हवरून नवं लिनक्स टाकलं, इन्स्टॉलर शेवटपर्यंत सुरळीत चालला आणि रीबूट केल्यावर स्क्रीन काळाकुट्ट. ज्याला विचारावं तो म्हणे, बोर्ड गेला, नवा घ्या. वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला हे ऐकणं किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही मात्र म्हणालात, "बोर्डाला काही झालेलं नाही. कार्डाचे पहिले 64 केबी काढून पाठव."

मग हेक्सडंप, म्हणजे कार्डावरच्या कच्च्या बाइटांची यादी, समोर ठेवून तुम्ही मला एकेक ओळ वाचायला लावलीत. सेक्टर म्हणजे कार्डाचा 512 बाइटचा कप्पा. सेक्टर 1 वर 'ईएफआय पार्ट' ही जीपीटीची, म्हणजे कार्डावरच्या विभाजनांच्या नोंदवहीची, खूण जागच्या जागी होती. सेक्टर 16 वर 'ईगॉन.बीटी0' ही यू-बूटच्या पहिल्या तुकड्याची खूण हवी होती, तिथे ओळीच्या ओळी नुसती शून्यं. चिपमधला बूट रॉम (वीज येताच सर्वात आधी चालणारा पक्का प्रोग्राम) यू-बूट शोधायला आधी 8 केबीवर, म्हणजे नेमक्या सेक्टर 16 वर बघतो. आणि जीपीटीच्या कोष्टकात 128 नोंदी, प्रत्येक 128 बाइटची, म्हणजे 16 केबी: सेक्टर 2 ते 33. इन्स्टॉलरने नवं कोष्टक लिहिलं, त्यात यू-बूट पुसलं गेलं. यू-बूट त्याआधीच रॅममध्ये चढून आपलं काम करून गेलं होतं, म्हणून रीबूट होईपर्यंत कुणाला पत्ताच लागला नाही.

"जमीन कसतोय एक आणि सातबाऱ्यावर त्याचं नावच नाही," तुम्ही म्हणालात, "मग दुसऱ्याने नांगर फिरवला तर दोष कुणाला द्यायचा?" माझ्या डोक्यात तिथे उजेड पडला.

तेवढ्यावर यू-बूट परत लिहून देऊन मोकळं होता आलं असतं. कोष्टक 56 नोंदींचं केलं की ते सेक्टर 15 वरच संपतं, ही पळवाटही तुम्हीच दाखवलीत आणि तुम्हीच नको म्हणालात, कारण यूईएफआयच्या (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातल्या व्यवहाराचं प्रमाण) नियमानुसार त्या कोष्टकासाठी किमान 16 केबी राखून ठेवावे लागतात. "आज चालेल, उद्याचं एखादं टूल कोष्टक पुन्हा पूर्ण आकाराचं करेल." एच3 चा बूट रॉम 8 केबीवर काही सापडलं नाही तर 128 केबीवरही बघतो, म्हणून यू-बूट तिथे हलवलंत. मग सेक्टर 256 ते 2047 चं स्वतंत्र विभाजन करून त्यावर 'आवश्यक' हा बिट (हे विभाजन पुसू नये अशी खूण) लावायला सांगितलात. एम्बेडेड बोर्डांसाठीच्या ईबीबीआर नियमावलीत हेच आहे: शक्यतो फर्मवेअरला वेगळी स्टोरेज द्या, एकाच कार्डावर भागवायचं असेल तर त्याची जागा जीपीटीत नोंदवा, आणि इन्स्टॉलरने त्या नोंदीला हात लावू नये. आता नाव कागदावर आलं.

आणखी एका गोष्टीचं मला फार अप्रूप वाटलं. यू-बूट आपली यूईएफआय सेटिंग, बूटचा क्रमही त्यातच, ईएसपी या बूटच्या फाइलींच्या विभाजनातल्या 'यूबूटईएफआय.वार' फाइलीत ठेवतं. पण लिनक्सने 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' (आता पुढचं मी बघतो) म्हटलं की कार्डाचा ताबा लिनक्सकडे जातो आणि यू-बूटला त्यावर लिहिता येत नाही. दोघांनी एकाच वेळी त्या विभाजनाच्या फॅट फाइलसिस्टीमवर लिहिलं तर तिचे तीनतेरा वाजतील. म्हणजे कुठली जागा कुणाची एवढंच विचारून भागत नाही, कुठल्या वेळी कुणाची हेही विचारावं लागतं. लिनक्समधून बूटचा क्रम का बदलता येत नाही, हे कोडं मला तेव्हा सुटलं.

काका, निवृत्तीनंतरच्या संध्याकाळी तुम्ही एका अनोळखी ग्रंथपालाला दिल्यात. पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. आणि प्रत्येक आज्ञा टाइप करण्याआधी "हे कुठल्या सेक्टरवर लिहिणार, सांग" असं विचारत राहिलात. त्यामुळे पुढचे बोर्ड मी एकटीने केले. सगळे चालू आहेत. मुलं कॅटलॉगसमोर रांग लावतात.

शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयानेही असेच बोर्ड घेतलेत. तुमच्या सूचना मराठीत टाइप करून त्यांना द्यायच्या आहेत. पाठवण्याआधी मसुद्यावर एकदा नजर टाकाल का? सेक्टरचे आकडे मी पुन्हा ताडून पाहिलेत.

तुमची,
वाचनालयाची ग्रंथपाल