आरटीईच्या कामात साथ देणाऱ्यांचे आभार

पुण्यातल्या एका शिक्षण धोरण संस्थेत कॉलेज सांभाळून अर्धवेळ इंटर्नशिप केली. काम होतं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांचं; खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या. २००९ चा हा कायदा वाचला होताच. तो वस्तीपर्यंत कसा पोहोचतो, हे तुम्हा सगळ्यांमुळे समजलं.

शिक्षण विभागातल्या मॅडम, जेवणाची सुट्टी बाजूला ठेवून तुम्ही कागदपत्रांची पडताळणी दाखवलीत. आर्थिक दुर्बल गटातून अर्ज असेल तर वार्षिक उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला हवा आणि भाडेकरार नोंदणीकृत हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं, हे कुठल्याही अहवालापेक्षा तुमच्या टेबलापाशी जास्त स्पष्ट कळलं.

सायबर कॅफेवाले दादा, ऑनलाइन अर्जातल्या नकाशावरचा लाल फुगा बरोबर घरावर येईपर्यंत तुम्ही माउस सोडत नव्हता. शाळेचं अंतर त्यावरच ठरतं, म्हणून. घाईतल्या पालकांनाही तुम्ही थांबवून घ्यायचात. मनापासून धन्यवाद!

आणि अंगणवाडीच्या ताई, तुम्ही सोबत नसतात तर कुणी दार उघडलं असतं? खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट देणारा नियमबदल उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा पहिला फोन तुमचाच आला. त्या फोनबद्दल तुमचे विशेष आभार.