बुकिंग झालंय, आता रागावून उपयोग नाही

एडिसन, न्यू जर्सी
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही एप्रिलमध्ये इकडे आलात की मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपण पाच जण पुंता कानाला जातोय. तिकिटं निघाली, हॉटेलचे पैसे भरून झाले, आणि आता रद्द केलं तर दमडीही परत मिळणार नाही. मुद्दामच तसलं बुकिंग घेतलंय. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि आईनं "ते राहू दे, ईराला दे" म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहिते आहे. दोनदा वाचा. चिडायचं असेल तर पहिल्या वाचनात चिडून घ्या.

पुंता काना म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकचं पूर्वेकडचं टोक. बाबा, नकाशात क्यूबाच्या उजवीकडे हिस्पॅनिओला नावाचं बेट दिसेल. त्याचा पश्चिमेचा तुकडा हैती, बाकीचा मोठा भाग हा देश. नेवार्कहून विमानानं चार तास. पलूसहून मुंबईला जायला तुम्हाला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात आणि वर कमरेची वाट लागते ती वेगळी. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की आपल्या पासपोर्टवर तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, आणि तुमचा मल्टिपल एन्ट्रीचा आहे, त्यामुळे अमेरिकेत परत येतानाही प्रश्न नाही. मेमध्ये तिथलं आणि इथलं घड्याळ एकच असतं. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या नाहीत.

आता पद्धत सांगते. राहणं, तिन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, सरबतं, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले असतात. पोचल्यावर मनगटाला एक पट्टी बांधतात. ती दिसली की कुणी काही विचारत नाही, बिल येत नाही, सही नाही. (बाबा, तुम्हाला कुठली पट्टी आठवणार ते मला माहीत आहे. हॉस्पिटलातून आल्यावर घरात पाऊल टाकायच्या आत अंगणातच द्राक्षाच्या कात्रीनं कापून टाकलीत म्हणे. दादानं सांगितलं. ही शनिवारी मी स्वतः कापून देईन.)

मला काय हवं होतं ते एवढंच. मेनूकार्ड तिथेही असतं, पण त्याला उजवी बाजू नसते. बाबा, तुम्ही आयुष्यभर मेनूकार्ड उर्दूसारखं उजवीकडून वाचत आलात. आधी आकडा, मग पदार्थ. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं की आपण त्या बोळातल्या खानावळीत जायचो. चौघांत दोन ताटं आणि जादा पोळ्या. "मला सकाळपासून जडच वाटतंय" हे तुमचं वाक्य मी आठवीपर्यंत खरं धरून चालले होते. आई पापड मोडून आमच्या दोघांच्या ताटात टाकायची आणि ताकावर भागवायची. वाढप्याला "बास" म्हणायला तुमचा हात ताटावर आडवा जायचा तो अजून डोळ्यांपुढे आहे. त्या हाताला आठवडाभर सुट्टी.

किती पैसे ते सांगणार नाही. तुम्ही त्याला सातानं भागाल, डॉलरच्या भावानं गुणाल आणि झोप घालवून बसाल. आणि मुलीच्या घरचं कसं घ्यायचं वगैरे मनात असेल तर ऐका : हे जावयाचे पैसे नाहीत. माझ्या बोनसचे आहेत. अमोल निम्मे भरतो म्हणत होता, त्याला मी विमानाचं एक तिकीटसुद्धा काढू दिलं नाही. थोडा हिरमुसलाय, पण तुमच्यासाठी तेवढं चालेल.

समुद्रच बघायचा तर आपलं दापोली काय वाईट, असं बाबा म्हणणारच. काहीच वाईट नाही. पण दापोलीला गेलो की आत्या येणार, आत्या आली की तिचे व्याही येणार, आणि आई परक्या स्वयंपाकघरात आमसूल शोधत उभी राहणार. गणपतीपुळ्याला काय झालं ते आपल्या तिघांनाही माहीत आहे, मी पुन्हा काढत नाही. इथे तरी वेगळं काय झालं? मागच्या खेपेला डोंगरातलं ते घर भाड्यानं घेतलं होतं. सुंदर घर, समोर दरी, आणि चारही दिवस आईची पाठ दरीकडे, कारण शेगडी भिंतीला लागून होती. निघायच्या आदल्या रात्री चाळीस पोळ्या लाटल्यास तू. म्हणून या वेळी शोधताना पहिली अट हीच घातली : खोलीत स्वयंपाकघर असता कामा नये. नाहीये. साधी शेगडीही नाही.

दादा म्हणतो, तू हे ऑगस्टचं भरून काढतेयस. असेल. बाबांना आत नेलं तेव्हा माझा पासपोर्ट कागदपत्रांत अडकलेला आणि मी इथे फोन समोर धरून बसलेली. दादा धावपळ करत होता, आई कॉरिडॉरमधल्या बाकावर डबा मांडीवर धरून होती, आणि मला फक्त छताचा पंखा दिसत होता, कारण फोन कुणीतरी उताणा ठेवला होता. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत, उलट "तू काळजी करू नकोस" असं मलाच समजावलंत. त्यावर मी काही लिहीत नाही, लिहायला गेले की रडू येतं आणि ईरा विचारत बसते.

तर खोली. तळमजल्याची मागून घेतली आहे, जिना नाही, जेवणघर जवळ. आवार मोठं असतं, पण सारखी बॅटरीची गाडी फिरते, हात केला की थांबते. आई, न्हाणीघरात टब नाही, पाय उचलून आत जावं लागणार नाही, धरायला दांडी आहे. कमोडच आहे, पण पाण्याची सोय नसते, तेव्हा आपला प्लॅस्टिकचा मग माझ्या बॅगेत असेल. एसी बंद करता येतो, मी विचारून घेतलंय. गॅलरीत दोरी बांधू, तुझी साडी वाळेल. चहा मात्र त्यांच्या हातचा पिऊ नकोस, तो कोमट पाण्यात पुडी बुडवून देतात. इथून छोटी किटली नेतोय. तिकडची आणू नकोस, तिथे वीज इथल्यासारखी ११० व्होल्टची असते, आपल्या २३० च्या किटलीत पाणी तापता तापता दुपार होईल. चहापत्ती, सुंठ आणि दूधपावडर माझ्याकडे आहे.

जेवणाची काळजी अजिबात नको. भात आणि राजम्यासारख्या लाल घेवड्याची आमटी हे तिथलं रोजचं जेवण. फक्त ती पुष्कळदा डुकराचं मांस घालून शिजवतात, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं, आणि ते मी विचारेन. सकाळी कच्ची केळी उकडून, घोटून त्याचं भरतासारखं काहीतरी करतात, मांगू म्हणतात. त्याच केळ्याचे काप तळून, चेपून, पुन्हा तळतात, ते बाबांना आवडतील आणि बाबांनी खायचे नाहीत. दोन खा. आई, त्याच आठवड्यात तुझी संकष्टी येते हे मी कालनिर्णय बघूनच लिहिते आहे. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तो कंद तिथे घरोघरी उकडून खातात, त्याची भाकरीही करतात, कोलंबस यायच्या आधीपासूनची. फळं हवी तेवढी. आणि चंद्रोदय तिथलाच धरायचा. आपल्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या टाकीमागून चंद्र कधी वर येतो म्हणून तू मान वाकडी करून उभी असतेस ना, तिथे किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. मध्ये काही नाही, थेट पाण्यातून वर येतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. सात दिवस आरामखुर्चीत पडून राहणं तुम्हाला जमणार नाही हे मला कळतं, खरं तर मलाही जमत नाही. असल्या हॉटेलांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. भिंतीच्या आत सगळं फुकट असल्यासारखं वाटतं, म्हणून माणसं भिंतीबाहेर जातच नाहीत, आणि देश न बघता परत येतात. आपली ताटं उचलणारी माणसं संध्याकाळी बसनं वेरोन नावाच्या दाटीवाटीच्या गावात राहायला जातात, ते गाव कुणाच्या फोटोत नसतं. म्हणून एक डॉलरच्या नोटा वेगळ्या काढून ठेवल्यात. सगळं समाविष्ट आहे तर टीप कशाला, असं तिथे सगळ्यांसमोर विचारू नका. समाविष्ट आहे ते आपल्यासाठी.

एक दिवस गाडी सांगून बाहेर पडायचं. इग्वेला मोठं देवीचं स्थान आहे, आल्ताग्रासियाची मेरी, दर २१ जानेवारीला तिथे देशभरातून लोक येतात, पायीसुद्धा. आईला ते बघायचंय हे मीच ठरवलंय. आणि तिथून ला रोमानाकडे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. उसाचीच मोठी कंपनी, उसाचीच रेल्वे. आपल्याकडे पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, महिना-दीड महिना झालेला असतो, तिथला हंगाम मेमध्येही चालू असतो. १४९३ मध्ये कोलंबसानं दुसऱ्या फेरीत या बेटावर ऊस नेला, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतं का? माझ्या डोक्यात ते तुमच्याच आवाजात आहे. तोडणीला माणसं हैतीहून येतात. उसाच्या कडेला त्यांच्या वस्त्या असतात, त्यांना बाते म्हणतात. आपल्याकडे बीडहून तोडणीच्या टोळ्या यायच्या, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या, तुम्ही मला राजदूत मोटारसायकलच्या टाकीवर बसवून नोंदी घ्यायला फडात न्यायचात. टोळीचा मुकादम मला उसाचे करवे सोलून द्यायचा आणि तुम्ही त्याला उचलीवरून, आगाऊ घेतलेल्या पैशांवरून, झापत असायचात. घरी येताना मी तुमच्या शर्टात तोंड खुपसून झोपायचे. त्या शर्टाला साखर कारखान्यातल्या मळीचा वास यायचा आणि मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांना असाच वास येतो. तिथे जाऊन कोयता कसा धरतात ते बघा आणि मला सांगा, मला त्यातलं काय कळणार.

वासावरून आठवलं. मेमध्ये समुद्रातून तपकिरी शेवाळ वाहत येतं. २०११ पासून त्या सगळ्या बेटांना हा ताप झालाय. सकाळी गोळा करतात, पण एखाद्या दिवशी जास्त आलं तर कुजून घाण सुटते. आधीच सांगून ठेवते, नाहीतर "एवढे पैसे घालून हा वास?" ऐकावं लागेल. तुम्ही मळीच्या वासात जन्म काढलाय, निभावून न्याल.

आणि वादळाचं. आई, ऑक्टोबरात टीव्हीवर जमैका बघून तू मला रात्री दोनला फोन केला होतास. तो मोसम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो. आपण मेच्या सुरुवातीला जातोय, म्हणजे आधी. पाण्यात तर तू घोट्यापर्यंतच जाणार आहेस. बाहेर प्रवाळाची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी तळ्यासारखं असतं. तरी लाल निशाण लागलं असेल त्या दिवशी कुणीच उतरायचं नाही. पंजाबी ड्रेस घालून पाण्यात गेलीस तरी कुणी बघत नाही. लोक तिथे फारच कमी कपड्यांत असतात. बाबा, संकोच वाटला तर चष्मा काढून ठेवा, पण त्यासाठी खोलीत बसायचं नाही.

आता मी सांगेन तसं करायचं. एप्रिलमध्ये निघण्याआधी बाबांची हृदयाची टूडी-इको आणि डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसकट. "मला काही होत नाहीये" हे डॉक्टरांना सांगायचं नाही, त्यांनी तुम्हाला सांगायचं. गोळ्या पाच महिन्यांच्या, सगळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत एकही नाही. रक्त पातळ करायची गोळी वेगळ्या डबीत. आईची साखर दर आठवड्याला मोजून वहीत लिहायची, आणि श्रीखंडाच्या दुसऱ्या दिवशीचीही लिहायची. तिथल्यासाठी विमा मी वेगळा काढलाय, कारण अमेरिकेतला तिथे चालेलच असं नसतं, आणि चोवीस तास चालणारी हॉस्पिटलं आहेत तिथे. हे घाबरवायला नाही, बाबा विचारतील म्हणून लिहिलं. हसत हसत कुणी लालसर काढा छोट्या पेल्यात पुढे करेल. मामाहुआना म्हणतात त्याला, झाडाच्या साली, मध आणि भरपूर रम. औषधी आहे म्हणतील. नमस्कार करून परत द्यायचा.

भाजणी, मेतकूट आणा, पण दोन किलोच्या वर नको. ताजा कढीपत्ता आणि बिया आणायच्या नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मागच्या वेळी तुळशीच्या मंजिऱ्या रुमालात बांधून आणल्या होत्यास, तो प्रकार नको.

तुम्हाला खरंच यायचं नसेल तर... नाही, हे वाक्य मी लिहिणार नव्हते. यायचंच आहे. ईरानं आजीसाठी वाळूत करायच्या पुरणपोळीचा साचा ठरवून ठेवलाय.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवा. झेरॉक्सचे नकोत, पासपोर्टचेच. दादावर सोपवू नका, तो विसरतो.

तुमची,
मनू

ता. क. : आई, कोऱ्या कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि फोटो पाठव, दोन्ही पायांचा. तळाशी प्रवाळाचे तुकडे टोचतात म्हणून पाण्यात घालायचे बूट घेतेय. बाबांचं माप मला माहीत आहे.