एमएस ६३, पण कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅनडाचा १९४८ चा चांदीचा डॉलर आपल्या नाणीवाल्यांना हवाच असतो, कारण भारत स्वतंत्र झाला म्हणून सहाव्या जॉर्जच्या नावापुढचं 'हिंदुस्थानचा सम्राट' काढावं लागलं, लंडनहून नवीन डाय (नाणी पाडायचे साचे) यायला उशीर झाला, तोवर ओटावात १९४७ चीच नाणी सालाशेजारी बारीक मेपलचं पान टाकून पाडत राहिले आणि १९४८ चे डॉलर निघाले फक्त १८,७८०.

आता हा डॉलर विकणारा एवढंच सांगतो की एमएस ६३ (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेलं नाणं, ६० ते ७० मधला दर्जा) आहे. अहो पण कोणाचा ६३? नाण्याचा दर्जा सांगणारी १ ते ७० ची शेल्डन स्केल सगळेच वापरतात, पण टोरंटोची आयसीसीएस ही नाणी तपासून ग्रेड देणारी कंपनी १९८६ पासून मुख्यतः कॅनडाचीच नाणी बघतेय आणि इथले डीलर तिला कडक मानतात, पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांच्या स्लॅबमधलं (प्लास्टिकच्या कडक बंद डबीतलं) नाणं तिच्याकडे गेलं तर आकडा खाली येऊ शकतो असं सर्रास बोललं जातं. प्रत्येक वेळी येईलच असं नाही, पण या डॉलरला एका आकड्याचा फरकही खूप महाग पडतो.

पंचम जॉर्जच्या वापरलेल्या नाण्यांत वाद कमी, मुकुटाच्या पट्टीवरचे आठ मोती आणि मधला हिरा नीट दिसला की ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन), मोती झिजून चार-सहा उरले की त्याखालचा व्हीएफ (व्हेरी फाइन), भिंग घेऊन कोणीही मोजावं. ६० च्या वर मात्र मोजायला काही नसतं, चमक किती, ओरखडे कुठे, ठसा किती खोल, सगळा नजरेचा कारभार, आणि खरे पैसे तिथेच.

धुतलेल्या नाण्याचं तर अजून वेगळं. अमेरिकन कंपन्या अशा नाण्याला बहुतेक वेळा आकडा न देता 'डिटेल्स' लिहितात, आयसीसीएस आकडा देते आणि कार्डावर 'क्लीन्ड' असा शेरा मारते, त्यामुळे फोटोत ती ओळ कापली गेली तर घेणारा पुरता फसतो. आयसीसीएसचं मऊ पाकीट बघून बरेच जण नाक मुरडतात ते मला पटत नाही, कडक स्लॅब उघडला तर कळतो हे खरं, पण म्हणून आतलं ग्रेडिंग चांगलं ठरत नाही ना.

तर विनंती एवढीच की आपल्या पेपरात जुन्या नाण्यांची जाहिरात घेताना ग्रेडसोबत कंपनीचं नाव, सर्टिफिकेट नंबर आणि शेरा असेल तर तोही छापायला लावा.

आपला,
एक नाणीसंग्राहक वाचक, मिसिसागा