लक्ष दिलंच होतं हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ एप्रिलच्या अंकात जागतिक ऑटिझम (स्वमग्नता) दिनानिमित्त आपण अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. निळे दिवे, निळे फुगे, सगळं छान छापून आलंय. फक्त 'पालकांनी वेळीच लक्ष द्यायला हवं' हे वाक्य त्या लेखात तीनदा आहे. तिसऱ्यांदा वाचलं आणि राहवेना.

लक्ष दिलंच होतं हो. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना हाकेला वळून बघत नसे. पण स्वयंपाकघरात वेफर्सचं पाकीट फोडलं की आतल्या खोलीतून धावत यायचा. पाणी हवं असेल तर बोट दाखवायचा नाही. माझं मनगट धरून माठापाशी न्यायचा आणि माझा हात तांब्यावर ठेवायचा. माझ्या तोंडाकडे न बघता. हे सगळं मी लस द्यायला नेलं तेव्हा सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे टाळी वाजवली, तो दचकला. "ऐकू येतंय की! मुलगे उशिराच बोलतात," म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. डॉक्टरच असं म्हणाल्यावर घरात माझं कोण ऐकणार? "ह्याचा बापही उशिराच बोलला," यावर सगळ्यांचं एकमत. बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेईपर्यंत तेच चाललं.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते. हाकेला वळतो का, बोटाने दाखवतो का, असलेच प्रश्न. आईबापांनी हो-नाही सांगायचं. त्यावरून निदान होत नाही, पण पुढे तपासायला पाठवायचं की नाही हे तरी ठरतं. माता-बाल संरक्षण कार्डातही मूल कधी काय करू लागतं याची माहिती असते. आमच्या कार्डावर लसींच्या तारखा चोख, तिथे मात्र एक खूण नाही. तेव्हा उपदेशाचं ते वाक्य एकदा डॉक्टरांना उद्देशूनही छापा की!

आणि लेखातली ती 'मोबाइलमुळे ऑटिझम होतो' सांगणारी चौकट. मोबाइल कमी द्यावा हे कबूल, पण त्याने ऑटिझम होत नाही. एके काळी परदेशातले मोठमोठे डॉक्टर 'आई मायेने थंड, म्हणून मूल असं' म्हणायचे. ते केव्हाच मोडीत निघालं. आता आपण आईच्या हातात मोबाइल दिलात.

शेवटी 'आधारगटात सामील व्हा' असा सल्ला आहे. कुठे, तेवढं राहिलं. कराडात आमचा आधारगट म्हणजे स्पीच थेरपीच्या खोलीबाहेरचं बाकडं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात धरतात, हे मला पाटणहून एसटीने येणाऱ्या एका आईने सांगितलं. कुठला सलूनवाला मशीन न लावता, पोराला मांडीवर बसू देऊन केस कापतो, हेही तिनेच. आपल्या अर्ध्या पानात यातलं एक अक्षर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी त्यात धरलेली आहे. त्याचाही उल्लेख नाही. लेखाखाली 'ऑटिझम मुळापासून बरा, खात्रीशीर' ही जाहिरात मात्र फोन नंबरासकट आहे. ती कुणी तपासली?

जाता जाता आणखी एक. 'निरामय'ला दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. त्याच्या शिबिराची बातमी आपल्याकडे नेहमी शिबिर उरकल्यावर येते, दीपप्रज्वलन करणाऱ्या मान्यवरांच्या फोटोसह. पुढच्या वेळी फोटो नाही छापलात तरी चालेल. तारीख, वेळ आणि सोबत कुठले कागद आणायचे, एवढं आठवडाभर आधी छापा.

आपली,
एक वाचक, कराड