पावसाचा आकडा छापताना

महोदय,

'आज ७० मिलिमीटर पाऊस' अशा बातम्यांत 'आज' म्हणजे कधीपासून कधीपर्यंत, हे क्वचितच दिलेले असते. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारच्या तारखेवर पडलेला आकडा बहुतांशी सोमवारच्या पावसाचा. वेळ, ठिकाण आणि एकक सोबत नसेल, तर त्या आकड्याला डेटा म्हणण्यात अर्थ नाही.

मिलिमीटर हा संख्यात्मक डेटा: १ मिमी म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी. 'जोरदार पाऊस' ही मात्र श्रेणी, ६४.५ ते ११५.५ मिमीची. ७० आणि ११० दोन्ही तिच्यात बसतात, आणि श्रेणीवरून मूळ आकडा परत काढता येत नाही. म्हणून श्रेणी छापा, पण आकडाही छापा.

सर्वांत मोठा घोळ शून्याचा. ४०, ६०, २० आणि एक दिवस नोंदच नाही, तर सरासरी ४०. त्या कोऱ्या खान्यात कुणी शून्य भरले की ती ३० होते, आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही! स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला अडकला, तर भर पावसातही तो शून्यच दाखवतो. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिल्याशिवाय असे शून्य स्वीकारू नये.

सरासरीचेही तसेच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. दोहोंची सरासरी सुमारे ५०९ येते. तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडला नव्हता.

– एक वाचक, सातारा