कार्सनचं नाव घेऊन आमचे डोळे का फोडता?

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळी अंकांच्या मांडणीवर लेख वाचला, त्यात एक डिझायनर म्हणतोय की आम्ही डेव्हिड कार्सन या अमेरिकन ग्राफिक डिझायनरच्या वाटेने चाललोय, वाचकाने पण जरा कष्ट घ्यावेत. त्याने मांडलेला दिवाळी अंक माझ्याकडे आहे. कथा पाच पानांची, पावसाच्या फोटोवर पांढऱ्या बारीक टाइपात, ती पण तिरकी. चष्मा पुसून पुसून दमलो, शेवटी बायको म्हणाली फोटो बघा आणि झोपा.

मी सांगलीत 24 वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम केलंय, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून, म्हणून बोलायची हिंमत करतोय.

कार्सनने शिक्षण घेतलं समाजशास्त्राचं, शाळेत शिकवायचा, आणि सर्फिंगमध्ये जगात पहिल्या दहात होता म्हणे, डिझाईन उशिरा आलं आयुष्यात. कॅलिफोर्नियात आधी स्केटबोर्डिंगचं मासिक, मग बीच कल्चर, जे सहाच अंक चाललं, आणि 1992 पासून रे गन हे म्युझिकचं मासिक. ग्रिड, म्हणजे पानाची आखीव चौकट, वगैरे गुंडाळून ठेवलेली, कॉलम एकमेकांवर चढलेले, हेडिंगची अक्षरं अर्धी कापलेली. 1994 मध्ये ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत त्याला एवढी रटाळ वाटली की त्याने ती आख्खीच्या आख्खी झॅफ डिंगबॅट्स या फॉन्टमध्ये लावली, म्हणजे अक्षरांऐवजी नुसते तारे, बाण, फुल्या, कात्र्या. हा किस्सा आमच्या लाइनमधला प्रत्येक जण रंगवून सांगतो पण त्यातल्या दोन गोष्टी गाळतो. एक म्हणजे रटाळ आहे हे कळायला आधी ती वाचावी लागते, आणि दुसरं म्हणजे तीच मुलाखत त्याच अंकात मागे साध्या टाइपात छापली होती!

त्याच्या बीच कल्चरमध्ये एका आंधळ्या सर्फरवर लेख होता, त्याची सुरुवातीची दोन्ही पानं काळी, आता याला मी मांडणी म्हणतो कारण मजकुरातलंच काहीतरी पानावर आलंय. आमच्या त्या कथेत पाऊस कुठे आहे? जेवढं लागलं तेवढ्यात तरी कडक ऊन होतं.

आणि डिंगबॅट्सचं कौतुक मराठी डीटीपीवाल्याला सांगू नका हो, ते आम्ही फुकटात केलंय. युनिकोडच्या आधी, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखीच उमटायला लागायच्या आधी, प्रेसच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की झालंच, एकदा आमच्या एका कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा छापून आल्या, प्रूफ बघायला वेळ नव्हता, 500 कॉप्या बांधून पण झाल्या. कवी दोन महिने बोलला नाही. कुणी म्हणालं नाही की वा काय प्रयोग केलाय.

शिवाय रोमन अक्षर अर्धं कापलं तरी अंदाजाने लागतं, आपलं तसं नाही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, दोन ओळींतली जागा जरा आवळली की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकलाच. वरून शिरोरेषा कापली की ध आणि घ मध्ये फरक काय राहिला सांगा. आनंदीबाईला ध चा मा करायला निदान लेखणी उचलावी लागली होती, इथे एका क्रॉपमध्ये काम होतं.

प्रयोग करू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट आपले बरेचसे अंक बघून झोप येते, तीच चौकट तीच महिरप. पण मोडणाऱ्याने मजकूर एकदा वाचावा, आणि कथा मागच्या पानांवर साध्या 12 पॉइंटात परत द्यावी, कार्सनसारखं.

तो डिझायनर तुमच्या ओळखीचा असेल तर एवढं विचारून घ्या, ती म्हातारी मिरज स्टेशनवर उतरते तिथपर्यंत मला लागलंय, पुढे तिचा मुलगा न्यायला येतो का?

तुमचा जुना वाचक,
सांगली